काकडीचा स्वेटर

महाडमध्ये स्वेटर विणणारी बाई म्हणजे थट्टेला आयतं निमित्त. इथे चार महिने पाऊस, चार महिने घाम, आणि उरलेल्या चारांत पहाटे जो काही गारवा पडतो तो आठ वाजेपर्यंत टिकला तर टिकला. तरी मी गेली तीस वर्षं विणते आहे. नोकरीची पहिली शाळा पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या वाटेवर मिळाली होती. तिथे थंडी खरोखरची होती, आणि घाटावरून आलेल्या एका बाईंनी मधल्या सुट्टीत मला सुया धरायला शिकवलं. पुढे बदली खाली महाडला झाली, थंडी वरच राहिली, पण सुया काही सुटल्या नाहीत.

विणलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, हे विचारू नये. मुंबईच्या पुतण्यांना मी दर दोन वर्षांनी स्वेटर देते. ते म्हणतात, काकी, मस्त झालाय, आणि घडी घालून बॅगेत ठेवतात. एकदा एक स्वेटर त्याच घडीत परत आला, वर चिठ्ठीसुद्धा नव्हती. घरात चहाच्या किटलीला टोपी आहे, मिक्सरला झबलं आहे, टीव्हीच्या रिमोटला पिशवी आहे. नवऱ्याचं म्हणणं, एका जागी स्थिर राहिलेली कुठलीही वस्तू मी विणून झाकते, म्हणून निवृत्त झाल्यावरही तो घरात सारखा येरझारा घालतो. मी निवृत्त झाले तेव्हा विणकामाच्या जोडीला गच्चीवरची बाग आली. रंगाच्या रिकाम्या बादल्या, फुटके माठ, एक जुना टब, त्यात मिरच्या, अळू, आलं, वांगी आणि मांडवावर चढवायचे वेल.

या दोन्ही उद्योगांवर ज्यांचं मत मला खरोखर टोचायचं, त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. नवरा त्यांना वैनी म्हणतो, म्हणून मीही वैनीच म्हणते. त्या कापड्याला राहतात, पोलादपुराहून आत. थोरले दीर गेले, दोन्ही मुलगे, म्हणजे माझे पुतणे, मुंबईला, आणि घरात त्या एकट्या. भात, नाचणी, परसातला भाजीपाला सगळं स्वतः बघतात. त्यांनी कधी मला वाईट शब्द वापरला नाही. त्या फक्त माझ्या गच्चीवर येऊन बादलीतल्या वांग्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाय की, बसल्या बसल्या." या ‘बसल्या बसल्या’चा मला इतका राग यायचा की त्या गेल्यावर मी दोन दिवस नवऱ्याशी कडक बोलायची. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसायचा.

वैनींची काकडी त्यांच्या वाडीत प्रसिद्ध आहे. ती त्यांनी वरंधहून, माहेराहून आणली. लग्न होऊन निघताना आईने पदराच्या टोकाला बी बांधून दिलं होतं, असं त्या सांगतात. आखूड, जाडजूड, पांढरट हिरवी, अंगावर फिकट रेघा. कुठल्याही काकडीचं देठ कापून, फेस येईपर्यंत चोळून कडूपणा काढावा लागतो. हिचं देठसुद्धा पोरं खातात. चाळीस वर्षं दर पावसाळ्यात वैनी वेलावरची एक काकडी तोडत नाहीत. ती बियाण्याची. तिला फडकं बांधायचं, पिकून तपकिरी होऊ द्यायची, मग बी काढून चुलीच्या राखेत कालवून पुडी करायची आणि भिंतीवरच्या मडक्यात ठेवायची. वाडीत ज्याला पाहिजे त्याने बी न्यावं. त्याबद्दल आभार मानायचे नाहीत, पैसे तर नाहीतच. वेलावरची पहिली काकडी तेवढी बी देणाऱ्याच्या घरी आणून द्यायची. त्यामुळे ऐन श्रावणात वैनींच्या ओटीवर लोकांच्या काकड्यांची रांग लागलेली मी पाहिली आहे.

आणि तरी एका वर्षी असं झालं की कुणाकडेच ती काकडी उरली नाही. लोक आता बाजारातून बियांचं पाकीट आणतात, आणि ज्यांनी लावली त्यांचे वेल रानडुकरांनी उधळले. उरला वैनींचा एक वेल, त्याच्यावर बियाण्याची एक काकडी. गणपती झाले, मुंबईकर परत गेले, आणि आठ दिवसांत वैनींचा फोन आला की काकडी माकडांनी नेली.

ही बातमी कुटुंबात कुणी साधी घेतली नाही. थोरल्या पुतण्याने मुंबईहून फटाक्यांचा खोका पाठवला. वाडीतल्या माणसांनी दोन दिवस पत्र्याचे डबे वाजवले. माझ्या नवऱ्याने, ज्याला उंदीरसुद्धा मारवत नाही, एक गलोल विकत आणली आणि गच्चीवर सराव करताना शेजाऱ्यांची पाण्याची टाकी फोडता फोडता वाचवली. डोंगरातल्या त्या टोळीला तो हिवाळा फार जड गेला असणार.

मडक्यात जुन्या वर्षाच्या पाच बिया उरल्या होत्या. पुढच्या आषाढात वैनी त्या गोळ्यांच्या बाटलीत घालून महाडला घेऊन आल्या. माझ्या हातात बाटली देत म्हणाल्या, "तुज्या गच्चीवर लाव गो. तितं माकडं नाय येत."

पाचही मला दिल्या. स्वतःसाठी एकही ठेवली नाही. चाळीस वर्षांची काकडी आणि ती ‘बसल्या बसल्या’ बाग करणाऱ्या बाईच्या हातात! त्या बसमध्ये बसल्यावर मी घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं की वैनींना शेवटी माझ्या हाताची किंमत कळली. तो म्हणाला, बरं झालं. तिसऱ्यांदासुद्धा तेच म्हणाला, पण जरा सावकाश.

पाचांतल्या तीन उगवल्याच नाहीत. चौथीचं कोवळं रोप एका रात्रीत गोगलगायीने फस्त केलं. पाचवीच्या रोपाभोवती मी राखेऐवजी मीठ टाकायला निघाले होते, तेव्हा नवऱ्याने हात धरला, म्हणून ते वाचलं. त्याचा वेल झाला, मांडवावर चढला, पिवळी फुलं आली. पहिली काकडी रीतीप्रमाणे मी कापड्याला नेऊन दिली. वैनींनी ती हातात तोलून पाहिली, देठ मोडून चावलं आणि मान हलवली. मला निवृत्तीच्या समारंभातल्या शालीने झाला नव्हता इतका आनंद झाला. दुसरी काकडी आम्ही दोघांनी कोशिंबीर करून खाल्ली. मग पावसाने फुलं झडली, आणि तिसरी काकडी धरली ती शेवटचीच. ती बियाण्याची ठरली.

त्या दिवसापासून वैनींचा रोज संध्याकाळी फोन. माझी तब्येत त्यांनी कधी रोज विचारली नव्हती, काकडीची विचारायला लागल्या. किती झाली, रंग बदलला का, माशी बसते का. फळमाशी एकदा टोचली की काकडी आतून सडते. जुनेराचं फडकं बांध, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. जुनेर म्हणजे वापरून मऊ झालेलं सुती लुगडं. माझ्याकडे होतं ते. कपाटात सगळ्यात वर, दोन घड्या.

पण मी विणणारी बाई. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी पंचवीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून दिलं आणि स्वतः एकदाही वाचलं नाही. मला वाटलं, फडकं काय, कुणीही बांधेल. मुंबईहून परत आलेला तो पोपटी स्वेटर मी उसवला. चार सुयांवर मोज्यासारखा गोल घातला, दोन सुलटे दोन उलटे टाके, म्हणजे काकडी वाढेल तसा ताणला जावा. वर देठापाशी नाडी, खाली गोंडा. गोंड्याची काही गरज नव्हती, ते मी मान्य करते.

तो स्वेटर अंगात घातलेली काकडी मांडवाला लटकायला लागली आणि आमच्या गच्चीवर माणसांची वर्दळ सुरू झाली. खालच्या मजल्यावरच्या बाई पाहुण्यांना घेऊन यायच्या. गल्लीतल्या दुकानदाराने फोटो काढला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या पुतण्याने लिहिलं की माझ्या स्वेटरला शेवटी घालणारं कुणीतरी मिळालं. मी त्याला उत्तर दिलं नाही, पण मनात नोंद केली. वैनींनी फोटो पाहिला तेव्हा त्यांचा फोन आला. काकडीला थंडी वाजते का, असं त्यांनी अगदी काळजीने विचारलं. मी म्हटलं, माशीपासून जपते आहे. त्या म्हणाल्या, जप बाय.

नवरात्रात परतीचा पाऊस लागला. आमच्याकडे हा पाऊस पाहुण्यासारखा दोन दिवस येऊन जातो, पण त्या वर्षी त्याने मुक्कामच ठोकला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना नवरा म्हणाला, लोकर ओली राहते आहे, काढून टाकतेस का?

मी फणकारले, "तुम्हाला विणकामातलं काय कळतं?"

खरं म्हणजे मलाही आतून तसंच वाटत होतं, आणि नेमकं तेच दुसऱ्याने बोलून दाखवलं म्हणून मी भडकले. माझा हा स्वभाव जुना आहे. चौथ्या दिवशी काढते म्हटलं, आणि चौथ्या दिवशी काढली असती तर त्याचं ऐकल्यासारखं झालं असतं. म्हणून पाचवा दिवसही जाऊ दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, मी गच्चीवर गेले, आणि मांडवाखाली उभी राहताच वास आला.

कात्रीने देठ कापून काकडी खाली घेतली. नाडी सोडली. स्वेटर काढताना तो एकटा निघालाच नाही, काकडीची सालही बरोबर आली. आत सगळं काळपट, लिबलिबीत, पाणी सुटलेलं. मी तिथेच उलट्या बादलीवर बसले आणि रडले. विनोदाने सांगायची सवय असली तरी हे खरं सांगते, मी हमसून रडले. वरंधहून पदरात बांधून आलेलं, चाळीस वर्षं राखेत झोपून उठलेलं ते बी माझ्या गोंड्याच्या हौसेपायी संपलं होतं. दुनियेत ते दुसरीकडे कुठेही नव्हतं.

नवरा वर आला, पाहिलं, आणि काहीच बोलला नाही. तो बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. ती काकडी घंटागाडीत टाकायला माझा हात होईना. स्वेटरसकट एका झाकणाच्या बादलीत घातली आणि टाकीच्या मागे सरकवून ठेवली.

संध्याकाळी फोन वाजला. वैनींनी नेहमीप्रमाणे विचारलं, काकडी काय म्हणते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वैनी, माकडांनी नेली."

मी आपली बोलतच सुटले, कशी तीन माकडं आली, एक किती मोठं होतं, मी कशी काठी घेऊन धावले. समोर बसलेला नवरा वर्तमानपत्र खाली घेऊन माझ्याकडे बघत होता. महाडच्या भर बाजारपेठेत तीन माकडं, आणि त्याला एकही दिसलं नव्हतं. वैनी शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला. चोराच्या मनात चांदणं. तो ‘बरं’ मी रात्रभर उलटसुलट करून पाहिला.

सकाळी नऊ वाजता त्या दारात उभ्या. पहिल्या गाडीने आल्या होत्या, हातात कापडी पिशवी, एक पाय जरा ओढत. गुडघा गेली दोन वर्षं दुखतो, पण विचारलं की म्हणतात, चालतो की. चहा झाला. पोहे झाले. काकडीचा विषय कुणी काढला नाही. मग त्या उठल्या, जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढत गच्चीवर आल्या आणि मांडवापाशी जाऊन वेलाकडे बघत राहिल्या. मी मागे उभी.

वेलावर काकडीचं देठ राहिलं होतं तिथे त्यांनी बोट ठेवलं. कापलेली जागा सरळ, स्वच्छ, तिरकस.

"माकडांकडं कातर व्हती वाटतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता सगळं संपलं. शाळेत इतकी वर्षं मी मुलांना खोटं बोलताना पकडलं, पकडलेल्या मुलाला आतून कसं वाटतं ते मला त्या सकाळी समजलं. आणि तेवढ्यात वैनी हसायला लागल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. हसता हसता त्या उलट्या बादलीवर बसल्या, कालच्याच बादलीवर, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "आगो, माजी तरी कुटं माकडांनी न्हेली व्हती. मीच खाल्ली."

मला आधी कळेचना. त्यांनी सांगितलं ते असं. गणपती झाले, सगळे परत गेले. आठ दिवस त्या घरात वीस माणसं होती, आता एक. सवयीने भात जास्त शिजत होता. पोरं होती तेव्हा धोंडस करायचं राहूनच गेलं. धोंडस म्हणजे किसलेली काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ एकत्र करून, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून भाजलेला गोड ठोकळा. थोरल्या मुलाला ते फार आवडतं. गूळ होता, रवा होता, वेलावर बियाण्याची कोवळी काकडी होती. अजून तिच्यात बी धरायचं होतं. वैनी तिच्याकडे सकाळ-संध्याकाळ बघत होत्या.

"येक दिस संध्याकाळचं लई वाईट वाटाया लागलं," त्या म्हणाल्या. "पोरांना फोन लावला, दोगांचा लागंना. म्हटलं, मरूंदे बी. कुणासाटी ठेवू? किसली अन् केलं धोंडस. म्हटलं तुकडा खाते, उरलेलं शेजारी देते. समदं पातेलं मीच खाल्लं. मग लाज वाटली गो. आयचं बी, अन् मी खाऊन बसले."

म्हणून माकडं. त्यात फटाक्यांचा खोका आला, डबे वाजले, गलोल आली, तेव्हा तर खरं बोलायची सोयच उरली नाही. आणि पाच बिया मला का दिल्या, तेही त्यांनी सांगून टाकलं. स्वतःच्या परसात लावल्या असत्या तर गणपतीनंतर पुन्हा ती संध्याकाळ आली असती. त्यांचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता.

म्हणजे माझ्या हाताची किंमत वगैरे काही नव्हतं. मी त्या क्षणी रागावायला हवं होतं, रागवायची तयारीही होती. पण डोळ्यांसमोर ते पातेलं आलं, आणि त्याच्यासमोर एकट्या बसून खाणाऱ्या वैनी. त्या वर्षी गणपतीहून निघताना मीच घाई केली होती. महाडला कुंड्यांना पाणी कोण घालणार म्हणून. भर पावसाळ्यात. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी टाकीमागून बादली ओढून आणली आणि झाकण काढलं. वैनींनी नाकाला पदर लावला नाही. वाकून पाहिलं, स्वेटरातून लगदा पिळून बोटांनी चाचपला आणि मला पाण्याचं पातेलं आणायला सांगितलं.

"वैनी, सडली आहे ती."

"सडलीच पायजे. बी काडायला आमी मुद्दाम सडवतो. पाकीट आणणाऱ्या बायांना काय म्हाईत."

नवरा तोपर्यंत वर आला होता. वैनींनी लगदा पातेल्यात सोडला आणि हाताने घुसळला. मग आम्ही तिघं पातेल्याभोवती उकिडवे बसलो. वैनींचा पाय लांब पसरलेला. पोकळ बी वर तरंगतं, भरलेलं तळाशी जातं, एवढंच गणित होतं. सुरुवातीला सगळंच वर आलं. पांढऱ्या सालपटांचा तवंग फिरत होता, आणि मी जन्मात कुठल्या निकालाची इतकी वाट पाहिली नव्हती. मग एक बी डुलत डुलत खाली गेलं. दुसरं गेलं. वैनी पुटपुटत मोजत होत्या. तरंगणारं सगळं त्यांनी अलगद ओतून दिलं, तेव्हा तळाशी अकरा उरल्या.

नवरा हळूच म्हणाला, मला वाटलंच होतं, बी वाचलं असेल. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. तो म्हणाला, मला विणकामातलं काय कळतं.

बिया धुतल्या, सावलीत पसरल्या. वैनींनी कापडी पिशवीतून एक पुडी काढली. चुलीची राख होती तिच्यात. कालच्या फोननंतर, इथे यायच्या आधीच त्यांनी ती बांधून घेतली होती. मी विचारलं, काकडी माकडांनी नेली असं मी सांगितलं होतं, मग राख कशाला आणलीत? त्या म्हणाल्या, माकडांनी नेली असं कुणी सांगितलं की समजायचं, काकडी घरातच हाय.

बिया सुकेपर्यंत त्या चार दिवस राहिल्या. जाताना दोन पुड्या केल्या. सहा माझ्या, पाच त्यांच्या. मी म्हटलं, सगळ्या तुम्हीच ठेवा, माझा काय भरवसा.

"दोन घरी असलेल्या बऱ्या," त्या म्हणाल्या. "मी खाल्ली तर तुजी हाय. तू सडवलीस तर माजी हाय."

स्वेटर मी तीन पाण्यांतून काढून दोरीवर टाकला होता. गोंडा गळून गेला होता, आणि त्याच्याबरोबर खालचं तोंडही उघडं पडलं होतं. निघायच्या आधी वैनींनी तो दोरीवरून ओढला, उलटून पाहिला, ताणून पाहिला. मग पायरीवर बसल्या, लुगडं वर घेतलं आणि दुखऱ्या पायात तो सरकवत गुडघ्यापर्यंत नेला. दोन सुलटे, दोन उलटे. असा बसला की मापाने विणलेला वाटावा. त्या उभ्या राहिल्या, दोन पावलं चालल्या. तीस वर्षांत माझं विणलेलं काही त्यांनी अंगाला लावलं नव्हतं.

स्टँडवर गाडीत चढताना त्यांनी मागे वळून सांगितलं, दुसऱ्या गुडघ्याचा लवकर कर. कुणाबरोबर पाठवू नको, घेऊन ये.

दिवाळी झाल्यावर मी नेला. कुंड्यांना पाणी घालायला नवरा होता, आणि तो नसता तरी गेले असते. आठ दिवस राहिले. वैनींच्या मडक्यात राखेची पुडी होती, त्यांनी ती मला मुद्दाम दाखवली, न विचारता. एके संध्याकाळी आम्ही पोलादपूरच्या बाजारातली साधी काकडी किसली, देठ चोळून चोळून कडूपणा काढला आणि धोंडस केलं. गरम गरम खायला बसलो, पातेलं मध्ये ठेवून, चमचा चमचा करत. बोलता बोलता तळ दिसायला लागला, तरी कुणी थांबेना.

तेवढ्यात थोरल्या पुतण्याचा फोन आला. वैनींनी तो स्पीकरवर टाकला. इकडचं तिकडचं झालं, मग त्याने विचारलं, काय केलंस खायला? त्या म्हणाल्या, धोंडस. तो हळहळला आणि म्हणाला, आये, शनिवारी येतोय मी, माझ्यासाठी ठेवशील ना थोडं?

वैनींनी रिकाम्या पातेल्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. दोन्ही गुडघ्यांवर पोपटी लोकर, आणि ओठाला गूळ.

"ठेवलं असतं रे बाबा," त्या म्हणाल्या, "पण माकडं आली व्हती. या खेपेला दोन व्हती."